४४० की १०००? लिनियाच्या इंजेक्टरचं माप

वाचकाचं पत्र:

"नमस्कार दादा. मी नागपुरात मानेवाड्यात राहतो. माझ्याजवळ २०११ची फियाट लिनिया टी-जेट आहे, बाबांनी घेतलेली. रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या सेटिंगमधला बदल) आधीच झाला आहे. आता थोडा मोठा टर्बो, मोठा इंटरकूलर आणि मोकळा डाउनपाइप टाकून राहिलो. पुण्याचा ट्यूनर म्हणते १७० बीएचपी आरामात निघन. पण इंजेक्टरवर तिघांची तीन मतं आहेत. ट्यूनर म्हणते ४४० सीसी घ्या. ऑनलाइन विकणारा म्हणते १००० सीसीच घ्या, उद्या इथेनॉलवर जायचं झालं तर पुन्हा खर्च नको. मित्र म्हणते, काहून पैसे घालवतं, जुनेच ठेव अन् प्रेशर वाढव. त्यात उन्हाळ्यात दुपारी गाडी बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी चावी मारली की लवकर स्टार्ट होत नाही, झाली की थोडा वेळ मिसिंग करते. इंजेक्टर लहान पडत असतील म्हणून का? पंपावर आता ई२०च मिळते. नेमकं काय घेऊ?"

भाऊ, उत्तर आधी देतो, कारणं मागून. इंजेक्टर म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग, आणि त्याचे सीसी म्हणजे सतत उघडा ठेवला तर तो मिनिटाला किती पेट्रोल सोडतो ते. ते १७० बीएचपी इंजिनचे असतील तर ४४० सीसी हे माप बरोबर आहे, तुमच्या ट्यूनरचा हिशेब पक्का दिसतो. १००० सीसीचे घेऊ नका, फुकट मिळाले तरी बसवू नका. मित्राची युक्ती थोड्या वाढीसाठी चालते, तुमच्या वाढीला पुरणार नाही. आणि दुपारच्या स्टार्टिंगचा इंजेक्टरच्या मापाशी काही संबंध नाही. तो वेगळा आजार आहे, आणि एक रुपयाही खर्च करण्याआधी तोच शोधायला हवा.

माप ठरवायची सुरुवात पेट्रोलपासून करायची. अमुक ताकद काढायला इंजिनला तासाला किती पेट्रोल लागतं, एवढं कळलं की बाकी सगळा भागाकार आहे. टर्बो पेट्रोल इंजिन पूर्ण जोर लावतं तेव्हा एका बीएचपीमागे तासाला साधारण २७० ग्रॅम पेट्रोल खातं. बिनटर्बोचं इंजिन २१० ते २३० ग्रॅममध्ये भागवतं. टर्बोला जास्त लागतं, कारण बूस्टमध्ये, म्हणजे टर्बो दाबाने जास्त हवा कोंबतो तेव्हा, मिश्रण मुद्दाम रिच (पेट्रोल जास्त) ठेवून ज्वलनाचं तापमान खाली आणावं लागतं. १७० गुणिले २७० म्हणजे तासाला जवळपास ४६ किलो. चार इंजेक्टरांत वाटले की प्रत्येकी साडेअकरा किलो, म्हणजे मिनिटाला १९१ ग्रॅम. पेट्रोलची घनता ०.७४ धरली तर मिनिटाला २५८ सीसी.

पण २५८चा इंजेक्टर घेऊन चालत नाही, कारण तो सतत उघडा ठेवता येत नाही. ६००० आरपीएमला इंजिनचं एक पूर्ण चक्र, म्हणजे दोन फेरे, २० मिलिसेकंदांत संपतं. तेवढ्या वेळात इंजेक्टरला उघडायचं, पेट्रोल सोडायचं आणि पूर्ण बंद व्हायचं असतं. उघडा राहण्याचा वेळ चक्राच्या ८० टक्क्यांपुढे, म्हणजे १६ मिलिसेकंदांपुढे जाऊ लागला, तर बंद व्हायला पुरेशी उसंत मिळत नाही. मग तो किती पेट्रोल सोडतो हे ईसीयूच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) हातात राहत नाही, आणि एखाद दिवशी थोडं जास्त पेट्रोल लागलं तर द्यायला शिल्लकही उरत नाही. म्हणून २५८ला ०.८ने भागायचं. उत्तर येतं ३२३ सीसी.

आता त्यात ई२० घाला. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. २० टक्के मिसळलं की हे प्रमाण साडेतेराच्या आसपास येतं. हवा तेवढीच, पण इंधन सुमारे ८ टक्के जास्त. ३२३चे झाले ३५०. २०११मध्ये ही गाडी बनली तेव्हा पंपावर ई२० नव्हतं. त्यामुळे परदेशी मालकांनी दिलेले किंवा जुन्या चर्चांमधले आकडे जसेच्या तसे उचलू नका. आपल्या नागपूरला इथेनॉलचं अप्रूप नाही. इथल्या रस्त्यांवर २०१४मध्येच इथेनॉलवरची हिरवी बस धावली होती, आणि इथले खासदार नितीन गडकरी वर्षानुवर्षं इथेनॉलचा आग्रह धरत आलेत. पण बसचं इंजिन त्यासाठीच बनलेलं होतं. तुमचं नाही, म्हणून तुमच्या हिशेबात हे ८ टक्के आलेच पाहिजेत.

ट्यूनरला एक प्रश्न विचारा: १७० कुठले? इंजिनचे की चाकांवरचे? डायनोच्या (गाडीची ताकद मोजायच्या यंत्राच्या) रोलरवर दिसतात ते चाकांवरचे. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत गिअरबॉक्स आणि टायरमध्ये साधारण १२ ते १५ टक्के ताकद खर्ची पडते. चाकांवर १७० हवे असतील तर इंजिनने १९५च्या आसपास काढायला हवेत, आणि मग ३५०चा आकडा ४००वर जातो. कंपनीने या गाडीचे ११४ पीएस (जवळपास तेवढेच बीएचपी) सांगितले होते, ते इंजिनचे होते. त्या ११४शी रोलरवरचे १७० ताडून पाहणारे खूप जण आहेत. असं करू नका.

इथपर्यंतचा हिशेब बहुतेकांना येतो. पुढची गोष्ट मात्र चांगले चांगले मेकॅनिक विसरतात, म्हणून तिच्यावर थोडा थांबतो.

इंजेक्टरवर ४४० लिहिलेलं असतं ते ठराविक प्रेशरला, बहुतेक वेळा ३ बारला. हे प्रेशर म्हणजे रेलमधलं (इंजेक्टरांना पेट्रोल वाटणाऱ्या नळीतलं) प्रेशर आणि मॅनिफोल्डमधलं (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधलं) प्रेशर यांतला फरक. इंजेक्टरचं टोक मॅनिफोल्डमध्ये उघडतं. तिथे १ बार बूस्ट असेल तर समोरून १ बारचा विरोध आहे. प्रेशर ठरवणारा रेग्युलेटर रेलवर असेल आणि त्याला मॅनिफोल्डची बारीक नळी जोडलेली असेल, तर बूस्ट चढला की रेलचं प्रेशरही तेवढंच चढतं आणि फरक ३ बारच राहतो. पण रेलला येणारी एकच नळी असेल, परतीची नळीच नसेल आणि रेग्युलेटर टाकीत पंपाजवळ असेल, तर रेलचं प्रेशर जागचं हलत नाही. मग ३ बारच्या रेलवर १ बार बूस्ट आला की फरक उरतो फक्त २ बार. प्रवाह प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. २ भागिले ३ याचं वर्गमूळ ०.८१६. म्हणजे नेमकी जास्त गरज असते त्या क्षणी ४४०चा इंजेक्टर ३६० सीसी देत असतो.

तेव्हा बॉनेट उघडून रेल बघा. किती नळ्या आहेत आणि रेग्युलेटर कुठे आहे, एवढंच पाहायचं आहे. त्यानंतर रेलला गेज लावून नेमकं किती बार येतं ते मोजा. परतीची नळी नसेल आणि गेज ३ बार दाखवत असेल, तर ३५०ला ०.८१६ने भागा, ४२९ येतात. गेज ३.५ दाखवत असेल तर बूस्टमध्ये फरक अडीच बार उरतो आणि गरज ३८३ येते. म्हणजे ४४० वाईटात वाईट स्थितीतही पुरतात, आणि प्रेशर बूस्टबरोबर चढत असेल तर चक्राच्या ६५ टक्क्यांच्या आसपास उघडे राहून निवांत चालतात. उलट १७० चाकांवरचे असतील आणि प्रेशर जागेवर राहणारं ३ बारच असेल, तर गरज ४९० सीसीच्या घरात जाते. तेव्हा ५५०चे घ्या. ४४० सोडायचं हे एवढंच कारण मला दिसतं.

मित्राचं म्हणणंही याच वर्गमुळाने तपासता येतं. ३ बारचे ४ बार केले तर प्रवाह १५ टक्के वाढतो, ३३ नाही. ११४चे १३० करायचे असते तर युक्ती चालली असती. ११४चे १७० म्हणजे जवळपास दीडपट. तेवढ्यासाठी प्रेशर सव्वादोन पट करावं लागेल. तिथे पंपाचा दम निघतो आणि इंजेक्टरची सुई प्रेशरविरुद्ध वेळेवर उचलली जात नाही. खर्च वाचवायची त्याची भावना मात्र चुकीची नाही. म्हणूनच आधी लॉग घ्यायला सांगतो. सध्याच्या रीमॅपवर ईसीयूमधून इंजेक्टरचा वेळ आणि आरपीएम काढा. मिलिसेकंदांना आरपीएमने गुणून १२००ने भागलं की ड्यूटी सायकल, म्हणजे चक्रातला उघडा वेळ, टक्क्यांत मिळते. १४ मिलिसेकंद आणि ६००० आरपीएम म्हणजे ७० टक्के. आजच ८५ दिसत असतील तर नवीन टर्बोआधी इंजेक्टर लागतीलच. ५५ दिसत असतील तर सुरुवातीला कमी बूस्टवर जुन्यांवरही काही महिने निघतील, पुढचा खर्च तुमच्या सोयीने करता येईल.

आता १००० सीसी. विकणारा खोटं बोलत नाही. मोठ्या इंजेक्टरने वरच्या आरपीएमला कधीच कमी पडत नाही हे खरं आहे. पण गाडी दिवसातला किती वेळ ६००० आरपीएमवर असते? मानेवाड्याहून सीताबर्डीला जाताना सिग्नलवर स्लोमध्ये उभी असते, नाहीतर दुसऱ्या गिअरमध्ये रांगत असते. मोठा इंजेक्टर तिथे फसतो.

आकड्यांत बघू. दीड लिटरच्या आतलं इंजिन ८०० आरपीएमवर स्लोमध्ये तासाला साधारण ०.८ लिटर पेट्रोल खातं. चार इंजेक्टर मिनिटाला प्रत्येकी ४०० वेळा उघडतात. म्हणजे एका उघडण्यात जेमतेम ०.००८३ सीसी सोडायचं असतं. ४४०चा इंजेक्टर हे १.१ मिलिसेकंदात सोडतो, १०००चा अर्ध्या मिलिसेकंदात. आणि हा झाला प्रत्यक्ष पेट्रोल सोडण्याचा वेळ. वीज मिळाल्यापासून सुई उचलली जाईपर्यंतचा मेलेला वेळ वेगळा. तो १४ व्होल्टला साधारण १ मिलिसेकंद असतो आणि व्होल्टेज पडलं की वाढतो. मे महिन्यात एसी, दोन्ही पंखे आणि रात्री हेडलाइट लावून सिग्नलला उभे असाल तेव्हा व्होल्टेज पडतंच. मेलेल्या वेळेच्या तक्त्यात फक्त ०.१ मिलिसेकंदाची चूक झाली तर ४४०वर मिश्रण ९ टक्क्यांनी चुकतं. ईसीयू ऑक्सिजन सेन्सर पाहून तेवढं सावरून घेतो. १०००वर तीच चूक २० टक्क्यांची होते. शिवाय इतक्या कमी वेळात सुई धड पूर्ण उघडतही नाही, त्यामुळे एक इंजेक्टर थोडं जास्त सोडतो, शेजारचा थोडं कमी. हे म्हणजे पळीने चिमूटभर हिंग घालायला सांगणं. गाडी स्लोमध्ये थरथरते, एसी लावला की बंद पडायला येते, पेट्रोलचा वास येतो, ॲव्हरेज पडतं. जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं आणि इंजिन ऑइल पातळ करतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येऊ लागला की समजायचं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचंही आयुष्य घटतं.

चांगल्या प्रतीचे मोठे इंजेक्टर चांगल्या ईसीयूवर स्लोला व्यवस्थित चालवता येतात, ४०० बीएचपीच्या गाड्या तशाच चालतात. पण त्या गाड्यांना त्यांची गरज असते. तुमच्या गाडीला नाही, आणि जी अडचण गरजेपोटी येत नाही ती विकत घेण्यात मला काही अर्थ वाटत नाही.

राहिला इथेनॉलचा मुद्दा. समजा उद्या खरंच ई८५वर (८५ टक्के इथेनॉलवर) जायचं ठरलं. पेट्रोलच्या तुलनेत ते सुमारे ४० टक्के जास्त लागतं. ई२० लावण्याआधीचा आपला आकडा ३२३ होता, त्याचे होतात ४५० ते ४६०. प्रेशर बूस्टबरोबर चढत असेल तर ५५० पुरतात. प्रेशर जागेवर राहणारं असेल तर ५६६ लागतील, म्हणजे ६३०चे. हजाराच्या जवळपास हिशेब कुठेच जात नाही. आणि ई८५साठी पंप, नळ्या, ओरिंग आणि मॅप सगळंच नव्याने करावं लागतं. त्या खर्चात इंजेक्टर हा छोटा भाग आहे.

आता तुमच्या स्टार्टिंगकडे येतो. इंजेक्टर लहान पडला तर गाडी जोर लावताना लीन होईल (पेट्रोल कमी पडेल), स्टार्टला नाही. स्टार्टला लागणारं पेट्रोल कुठलाही इंजेक्टर देऊ शकतो. नागपूरच्या मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात. इंजिन बंद केलं की पाण्याचं फिरणं थांबतं, वारा थांबतो, आणि बॉनेटखालची उष्णता पुढची दहा-पंधरा मिनिटं वाढतच जाते. टर्बो गाडीत तर टर्बोची धग वेगळी. त्या वेळी रेलमध्ये प्रेशर टिकून असेल तर पेट्रोल द्रवच राहतं. प्रेशर उतरलं असेल तर त्याची वाफ होते, आणि चावी मारल्यावर इंजेक्टरमधून पेट्रोलऐवजी वाफ येते. तुम्ही वर्णन केलेली लक्षणं याच्याशी जुळतात.

प्रेशर उतरण्याची मुख्य कारणं दोन. एक तर टाकीतल्या पंपाचा चेक व्हॉल्व्ह गळतो आणि पेट्रोल परत टाकीत जातं, किंवा एखादा इंजेक्टर टोकातून टिपकतो. घरीच फरक कळतो. पुढच्या वेळी अशी अडचण आली की चावी ऑन करून दोन-तीन सेकंद थांबा, ऑफ करा, असं तीन-चारदा करा आणि मगच स्टार्टर मारा. पंप दरवेळी थोडं प्रेशर भरतो. यानंतर गाडी पटकन स्टार्ट झाली तर प्रेशर मागे उतरतं आहे, चेक व्हॉल्व्हवर संशय घ्या. याने फरक पडत नसेल, पण ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारल्यावर गाडी धूर टाकत चालू होत असेल, तर इंजिन पेट्रोलने भरलं होतं. पूर्ण ॲक्सिलरेटरवर स्टार्टर मारला की बहुतेक ईसीयू इंजेक्टर बंद ठेवतात, म्हणून साचलेलं पेट्रोल निघून जातं. म्हणजे इंजेक्टर टिपकतो आहे. खात्री गेजनेच होईल: गाडी बंद करून रेलवरचं प्रेशर वीस मिनिटं पाहत राहा. रेल इंजेक्टरांसकट उचलून, पंप चालवून टोकं कोरडी आहेत का पाहण्याचं काम मात्र मेकॅनिककडूनच करून घ्या, इंजिन पूर्ण थंड असताना आणि आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवून. ही तपासणी नवीन इंजेक्टरच्या आधी का करायची ते सांगतो. चेक व्हॉल्व्ह गळत असेल तर नवीन इंजेक्टर बसवल्यावरही त्रास तसाच राहील, आणि मग तुम्ही आणि ट्यूनर दोघं मॅपमध्ये चूक शोधत बसाल.

पंपाचं एवढं निघालंच आहे तर त्याचाही हिशेब करा. १७० बीएचपीला ई२० तासाला ६७ लिटरच्या आसपास लागतं. अंगावर पाव भाग जास्त धरून ८५ लिटर. पण हे पूर्ण प्रेशरला आणि पंपाच्या सॉकेटवर प्रत्यक्ष पोहोचणाऱ्या व्होल्टेजला मिळायला हवं. बॅटरीवर १३.८ व्होल्ट आणि चौदा-पंधरा वर्षांच्या वायरिंगमधून टाकीपर्यंत पोहोचेतो १२, असं सर्रास आढळतं, आणि तेवढ्याने पंपाचा प्रवाह चांगलाच घटतो. बॅटरीवरून जाड वायर आणि रिले टाकली की हा प्रश्न स्वस्तात सुटतो. उत्साहात २५५ लिटरचा पंप मात्र टाकू नका. लागणार नाही ते सगळं पेट्रोल तो फिरवून परत टाकीत सोडतो आणि टाकीतलं पेट्रोल तापवतो. आपल्या उन्हाळ्यात, टाकी पावच भरलेली असताना, ते नको आहे. ट्यूनिंगच्या वेळी पूर्ण बूस्टमध्ये गेजचा काटा खाली येतो का, हे बघायला सांगा. काटा पडत असेल तर कुठल्याही मापाचा इंजेक्टर गाडी वाचवणार नाही.

खरेदीबद्दल. ४४० कुठल्या प्रेशरला, ते लिहून घ्या. ४ बारला ४४० असतील तर ३ बारला ते ३८१च आहेत. मेलेल्या वेळेचा व्होल्टेजनुसार तक्ता मिळत नसेल तर तो सेट सोडून द्या, भाव कितीही चांगला असो. तक्ता नसेल तर ट्यूनरला अंदाजाने भरावं लागतं, आणि ०.१ मिलिसेकंदाचं काय होतं ते वर पाहिलंच. रेझिस्टन्स मीटरने मोजा: १२ ते १६ ओहम असलेच हवेत. २-३ ओहमचे जुन्या पद्धतीचे इंजेक्टर कंपनीच्या ईसीयूला थेट जोडले तर त्यातलं इंजेक्टर चालवणारं सर्किट जळतं. लांबी, कनेक्टर आणि फवाऱ्याची दिशा जुन्याशी जुळवून घ्या. तुमचं इंजिन १६ व्हॉल्व्हचं आहे, प्रत्येक सिलिंडरला दोन इनटेक व्हॉल्व्ह, म्हणून फवारा दोन धारांचा हवा. ओरिंग इथेनॉल सोसणारे, व्हायटॉनचे. त्याच फेरीत रेलकडे येणाऱ्या जुन्या रबरी नळ्याही बदलून टाका.

नकली मालाचा सुळसुळाट आहे, हे गंभीरपणे घ्या. डब्यावरची छपाई हुबेहूब असते, आत चारही इंजेक्टर चार तऱ्हेचे. सेट हातात आल्यावर, बसवण्याआधी, बेंचवर चालवून घ्या. वाडीकडे ट्रकच्या डिझेल पंपांची कामं होतात, तिथलं डिझेलचं बेंच याला चालत नाही. पेट्रोल इंजेक्टर साफ करून मोजण्याचं, काचेच्या नळ्यांचं मशिन असलेलं गॅरेज शोधा. चारही नळ्यांतली पातळी २ ते ३ टक्क्यांच्या आत जुळली पाहिजे. बेंचवाल्याला आणखी एक सांगा: लांब वेळ उघडे ठेवून मोजल्यावर पुन्हा २ मिलिसेकंदांच्या छोट्या उघडझापीवरही मोजा. पुष्कळ नकली सेट पहिल्यात पास होतात आणि दुसऱ्यात उघडे पडतात. जुने चार इंजेक्टरही त्याच बेंचवर मोजून घ्या. त्यांचा नेमका प्रवाह ट्यूनरला नव्या मॅपसाठी लागतो, आणि टिपकणारा असेल तर तिथेच पकडला जाईल.

नवीन बसवल्यावर मॅप न बदलता गाडी चालवू नका, पुण्यापर्यंत नेण्यासाठीसुद्धा नाही. जुन्या हिशेबाने ईसीयू जास्त पेट्रोल सोडत राहील, काही वेळ ट्रिम (पेट्रोल कमी-जास्त करायची आपली दुरुस्ती) खाली ओढून सावरेल, मग पी०१७२ (मिश्रण फार रिच) कोड देऊन इंजिनचा दिवा लावेल. बूस्टमध्ये तर तो ऑक्सिजन सेन्सरकडे बघतही नाही. जुने इंजेक्टर लावून पुण्याला न्या, तिथे बदला, तिथेच डायनोवर मॅप करा. समृद्धीने जाणार असाल तर १२०ची मर्यादा पाळा आणि नवीन टर्बोची परीक्षा त्या रस्त्यावर घेऊ नका. ट्यूनरला रीडिंग लॅम्डात द्यायला सांगा. लॅम्डा म्हणजे त्या इंधनाला नेमकी लागते त्या हवेच्या किती पट हवा मिळते ते. ई२०मुळे हवा-पेट्रोलच्या आकड्यांत घोळ होतो, लॅम्डात होत नाही. पूर्ण बूस्टमध्ये ०.८०च्या आसपास असलं की ठीक. हवा-पेट्रोलचं गेज शुद्ध पेट्रोलच्या मापात असेल तर ते ११.८ दाखवेल.

कायद्याचं बोलायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंदलेल्या कंपनीच्या मूळ रचनेत बदल करायला मनाई आहे. अपघात झाला तर विमा कंपनी हाच मुद्दा काढू शकते. हे बाबांनाही सांगा. गाडी त्यांनी घेतलेली आहे, त्यांना माहीत असावं.

क्रम असा ठेवा: आधी गेज लावून स्टार्टिंगचा दोष काढा आणि रेलची पद्धत बघा, मग आजचा लॉग घ्या, मग १७० कुठले ते ट्यूनरला विचारून ४४० किंवा ५५० मागवा. पुण्यात मॅप झाला तरी काम संपलं असं समजू नका. तिथल्या हवेत आणि आपल्या मे महिन्यात फार फरक आहे. इथे आल्यावर भर दुपारी, एसी लावून, अर्धा तास ट्रॅफिकमध्ये चालवून स्लोचा एक लॉग काढा आणि तो ट्यूनरला पाठवा. मेलेल्या वेळेच्या तक्त्यातली बारीक दुरुस्ती त्यावरूनच होईल. आणि जुने चार इंजेक्टर विकू नका. टोकांना टोप्या लावून, जुन्या मॅपच्या फाइलसोबत घरी ठेवा. गाडी कधी मूळ रूपात आणायची झाली तर तेच लागतील.